शाळेआधी माणूस

प्रिय मेधा,

तुझा मेल आणि सोबतचे रिपोर्ट दोन्ही नीट वाचले. लगेच फोन करणार होते, पण तू रडली असतीस, मग मीही, आणि कामाचं बोलणं राहून गेलं असतं. म्हणून लिहितेय.

तुझ्या ओजसला दिसतंही कमी, ऐकूही कमी येतं; त्याला अंधशाळेत घालायचं की कर्णबधिरांच्या, हा तुझा प्रश्न. अंधशाळेतलं शिकवणं कानांच्या भरवशावर चालतं आणि कर्णबधिर शाळेतलं डोळ्यांच्या. दोन्हींत उणं असलेलं मूल दोन्हीकडे नुसतं बसून राहतं. तेव्हा शाळेआधी माणूस शोध. बधिरांध, म्हणजे दिसणं-ऐकणं दोन्हींत उणं असलेल्या, मुलांसाठीचं प्रशिक्षण घेतलेली एक शिक्षिका, जी घरी येईल आणि दर वेळी तीच येईल. शाळा सुरू झाली की वर्गातही त्याच्याजवळ असं एक माणूस लागेल. कॅनडा, अमेरिकेत त्याला ‘इंटरव्हेनर’ म्हणतात. आजूबाजूला काय चाललंय ते मुलाच्या हातांपर्यंत पोचवायचं, पण मुलाचं काम आपण उरकून टाकायचं नाही. यातला दुसरा भाग फार अवघड, भल्याभल्यांना जमत नाही.

घरी येणारी ही शिक्षिका सुरुवातीला काहीच शिकवणार नाही, नुसती बघत बसेल. वैतागू नकोस. दवाखान्यात डोळ्यांना किती दिसतं ते मोजतात; ओजस त्या नजरेचा उपयोग कसा करतो ते घरातच कळतं. खिडकीकडे मान वळते का, कुठल्या बाजूने वस्तू आणली की हात पुढे येतो, दार आपटलं की थबकतो का. रिपोर्टात ‘प्रतिसाद नाही’ लिहिलंय ते फार मनावर घेऊ नकोस. अनोळखी खोलीत, अनोळखी हातांत अशी मुलं स्वतःला मिटूनच घेतात. बधिरांध मुलांपैकी बहुतेकांना थोडं तरी दिसतं किंवा ऐकू येतं. ते थोडं कुठे आहे, हे शोधणं म्हणजेच पहिलं काम. चष्मा, हिअरिंग एड, कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) यांबद्दलची चौकशी मात्र आत्ताच सुरू कर.

आता हातांचं. वस्तू दाखवायची म्हणून आपण मुलाचा हात वरून धरतो आणि तिच्यावर टेकवतो. ओजसचे हात हेच त्याचे डोळे आहेत. कुणी तुझी मान धरून चित्राकडे वळवली तर कसं वाटेल? म्हणून आपला हात त्याच्या हाताखाली ठेवायचा. वस्तू आपण चाचपायची, त्याचा हात आपल्या हातावरून सरकत तिच्याकडे जाईल. नको असेल तर तो हात काढून घेईल, आणि तो घेऊ द्यायचा. ‘नको’ म्हणता येणं हेही बोलणंच आहे.

माझ्याकडे एक छोटी मुलगी येते. तिला लाकडी फळीवर झोपवतो. खाली पट्ट्या ठोकून फळी जमिनीपासून थोडी उचललेली असते, त्यामुळे टिचकीही अंगभर जाणवते. एकदा तिने टाच आपटली. मी तळव्याने फळीवर एक थाप दिली आणि हात काढला. ती थांबली. खूप वेळ काहीच नाही. तिची आई मला खुणावत होती की पुन्हा वाजवा. मी नाही वाजवलं. मग टाच आली, दोनदा. मीही दोनदा. मेधा, संभाषण याहून वेगळं काय असतं गं? नेदरलँड्समध्ये यान व्हान डाइक यांनी गर्भातच रुबेलाची (जर्मन गोवराची) बाधा झालेल्या बधिरांध मुलांबरोबर काम करताना याचीच पद्धत बसवली: मुलाच्या हालचालीत आपण सामील व्हायचं, मध्येच थांबायचं आणि त्याची वाट बघायची.

तुझ्या सासूबाई हेलन केलरचं उदाहरण देतात म्हणालीस. सगळेच देतात. पण हेलन १९ महिन्यांची असताना आजारी पडली, तोवर ती बघत होती, ऐकत होती. तिचं शिक्षण सुरू होण्याच्याही ५० वर्षं आधी, १८३७ मध्ये, अमेरिकेतल्या पर्किन्स अंधशाळेत आलेल्या बधिरांध लॉरा ब्रिजमनचा आजारही दोन वर्षांची असतानाचा. शाळेचे प्रमुख डॉ. हाउ यांनी चमचा, किल्ली अशा वस्तूंवर उठावाच्या अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवून तिला शिकवलं. ओजसला जन्मापासूनच तुटक मिळतंय, त्याची तुलना त्यांच्याशी नको. त्याची सुरुवात अक्षरांपासून नाही, ‘आता काय होणार’ इथपासून आहे.

सध्या त्याला न सांगता उचललं जातं, न सांगता पाण्यात बसवलं जातं. तो किंचाळतो यात नवल ते काय! उचलण्याआधी काखेत दोनदा हलकं दाब आणि थांब. आंघोळीआधी टॉवेल हातात दे, रोज तोच. बाहेर निघताना खेळण्यातली गाडी देऊ नकोस, स्पर्शाला तिच्यात आणि खऱ्या गाडीत काहीच साम्य नाही; सीट बेल्टचं बक्कल दे. प्रत्येक माणसाची एक खूण ठरवा: तुझ्या बांगड्या, श्रीकांतचं घड्याळ. आलं की आधी ती खूण त्याच्या हाताला लागू दे. पुढे याच वस्तू ओळीने खणांत मांडून त्याचा अख्खा दिवस लावता येतो, आणि काम झालं की वस्तू ‘संपलं’च्या डब्यात जाते.

रात्री तो जागतो म्हणालीस. उजेड नीट पोचत नसेल तर झोपेचं चक्र सरकतं. डॉक्टरांशी बोल, आणि जागरणाच्या पाळ्या लावा. हे हक्काने माग. घरच्यांना विसावा मिळणं हाही सेवेचाच भाग आहे, उपकार नव्हे. एक थेरपिस्ट सोमवारी, दुसरी मंगळवारी, प्रत्येकीचे व्यायाम वेगळे, असं होऊ लागलं तर सगळ्यांना एकत्र बसव आणि आठवड्याला एकच गोष्ट ठरवायला लाव. अशा मुलांच्या दुसऱ्या आयांना भेट. त्या माझ्यापेक्षा खरं बोलतील.

आंघोळीच्या आधीचा आणि झोपेतून उठवतानाचा, असे दोन व्हिडिओ पाठव. ओजसचे हात दिसतील असे काढ, चेहरा नाही आला तरी चालेल. बघून रविवारी फोन करते, श्रीकांतलाही थांबायला सांग.

तुझी,
वंदना