उपटलेली अमरवेल बांधावर टाकू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोयाबीनच्या भावावर पेपरात रोज येतंय, यायलाच पाहिजे, पण अमरवेलीवर कुणी चार ओळी लिहीत नाही म्हणून हे पत्र. आमच्या औसा तालुक्यात सोयाबीन, उडीद, मुगाच्या रानात मधीच पिवळ्या दोऱ्यांचा गुंता दिसतो, पान नाही, एकदा पीक धरलं की जमिनीतली मुळी पण सुटते आणि मग सगळं जगणं पिकाच्या खोडातनं रस ओढून.

खुरपताना लोक ती ओढतेत आणि बांधावर नाहीतर ओढ्यात फेकतेत. घात इथंच होतो. बोटभर तुकडा हिरव्या झाडावर पडला तरी परत धरतो, बी झालेलं असलं तर पाण्याबरोबर खालच्या रानात जातं. जनावरांना टाकली तर बी पोटातनं शेणात, उकिरड्यात आणि शेणखताबरोबर पुन्हा आपल्याच वावरात! हे बी जमिनीत १० वर्षांच्या वर जिवंत राहतं.

म्हणून फुलं यायच्या आत, जेवढ्या झाडांना धरलंय तेवढी झाडं वेलीसकट उपटून जाळायची. भरलेलं झाड उपटताना जीव तुटतो, मान्य आहे, पण वेल चढल्यावर फवारायला गेलं तर बहुतेक वेळा वेलीबरोबर पीक पण जळतं. तणनाशकाची वेळ पेरणीनंतर, पीक उगवायच्या आधी, जमिनीत ओल असताना, सोयाबीनला पेंडीमिथॅलीन ३० टक्के ईसी एकरी १ ते सव्वा लिटर, लेबल वाचूनच. आणि ज्या तुकड्यात दरसाल निघते तिथं सोयाबीनवर सोयाबीन घेऊच नका, ज्वारी किंवा मका घ्या, त्यांच्यावर ही वेल जगत नाही, उगवली तरी आधार नाही मिळाला तर आठ-दहा दिवसात सुकते. फक्त त्या ज्वारीतलं रुंद पानाचं तण काढत राहा, नाहीतर ती त्याच्यावर तग धरते. लसूणघासाचं (जनावरांच्या चाऱ्याचं) बी सुटं, पिशवीवर काही नसलेलं घेऊ नका, त्यात अमरवेलीचं बी जवळपास त्याच मापाचं असतं, चाळून सगळं निघत नाही.

एकट्यानं करून उपयोग नाही हो, शेजाऱ्यानं वेलीला बी धरू दिलं की संपलं. खरिपाच्या आधीच्या ग्रामसभेत हा विषय घ्या, आणि मळणी यंत्र एका रानातनं दुसऱ्यात जाताना झाडून घ्यायचं असं गावानं ठरवा. आपण पण जुलैत वेलीचा फोटो मोठा छापावा ही विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. औसा, जि. लातूर