खेळण्यावर आयएसआय बघा की

संपादक साहेब, परवा महाद्वार रोडवर नातवाला रिमोटची गाडी घेतली, साडेतीनशेची, घरी येऊन बघतो तर बॉक्सवर ना आयएसआय मार्क ना कंपनीचा पत्ता, आणि सेलचं झाकण नुसतं नखानं उघडतंय. 14 वर्षांखालच्या पोरांच्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून हा मार्क सक्तीचा आहे की! परत द्यायला गेलो तर दुकानदार म्हणतो बिल कुठाय, फोनवरनं दिलेल्या पैशांचा मेसेज दाखवला तर म्हणे हे बिल न्हवं. चूक माझीपण, भेळ घेतल्यागत पैसे टाकून निघालो. शेवटी 1915 या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केलीय. नातू मात्र गाडी सोडंना झालाय, सेल काढून ठेवलेत तर तोंडानंच घर्रर्र करत फिरवतोय.

– एक आजोबा, मंगळवार पेठ, कोल्हापूर