आखाजीच्या आधी यूपीएस

पुणे

ती. नाना आणि ती. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर नाना तुम्ही "काही नाही, लाईट गेली होती" एवढ्यावर विषय संपवलात. खरं काय ते मागून आईनं सांगितलं. दोन दुपारी खपून टाइप केलेल्या तेवीस ओव्या गेल्या. आईला जात्याशी बसल्याशिवाय ओवी आठवत नाही, म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरपायी तिला पुन्हा दळायला बसणं आलं. यूपीएसचं, म्हणजे लाईट गेली तरी कॉम्प्युटर बॅटरीवर चालू ठेवणाऱ्या डब्याचं, काढलं तर तुम्ही "पाहू" म्हणालात. तुमचं "पाहू" मी लहानपणापासून ओळखते, म्हणून हे पत्र.

घरात इन्व्हर्टर असताना हा आणखी एक डबा कशाला, हा तुमचा प्रश्न. लाईट गेली की इन्व्हर्टरवर यायला पंख्याला एक गचका बसतो आणि तो फिरत राहतो. कॉम्प्युटरला तो गचका पेलत नाही. त्याचं एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा भाग, विजेशिवाय साधारण १६ मिलिसेकंद तग धरतं, आणि साधा इन्व्हर्टर त्याहून जास्त वेळ घेतो. नवीन इन्व्हर्टरला मागे 'यूपीएस मोड'चं बटण असतं, त्यावर पुष्कळदा भागतं. आपल्या जुन्याला ते नाही, दिवाळीत मी मागे हात घालून पाहिलंय.

आता दुकानात काय मागायचं ते. '६०० व्हीए, लाइन इंटरॅक्टिव्ह' एवढंच म्हणा. दुकानदार मोठ्या यूपीएसकडे वळवेल, वळू नका. व्हीए म्हणजे व्होल्ट-अँपिअर, वॅट नव्हे. या छोट्या यूपीएसमध्ये ६०० व्हीएचे जेमतेम ३६० वॅट मिळतात, पण तुमचा कॉम्प्युटरचा डबा आणि मॉनिटर मिळून सव्वाशेच्या आसपास घेत असतील. लाइन इंटरॅक्टिव्ह म्हणायचं कारण आपलं व्होल्टेज. रब्बीत शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की संध्याकाळी घरातली ट्यूब कशी फडफडते ते तुम्हीच बघता. हा प्रकार कमी-जास्त व्होल्टेज आतल्या आत सावरतो, दर वेळी बॅटरी खर्च करत नाही. इथून पाठवता आला असता, पण वॉरंटीसाठी तुम्ही तो उचलून पुण्याला आणणार का? अमळनेरातच घ्या, आणि पक्कं बिल मागायला लाजू नका.

आत १२ व्होल्ट, ७ एएचची (अँपिअर-तासांची) बंद बॅटरी असते. कागदावर तो हिशोब ८४ वॉट-तासांचा भरतो. नाना लगेच भागाकार करून चाळीस मिनिटं काढतील. तसं होत नाही. ते ७ एएच वीस तासांत सावकाश उपसले तर मिळतात. घाईनं उपसलं की निम्म्यावर येतं, वर यूपीएस स्वतःही थोडं खातो. नव्या बॅटरीवर पंधरा-वीस मिनिटं धरा. ती मिनिटं ओवी पुरी करायला नाहीत, सेव्ह करून कॉम्प्युटर नीट बंद करायला आहेत. नाना, हे मी तुमच्यासाठीच लिहितेय. लाईट जाऊन यूपीएसची टिकटिक सुरू झाली की कंट्रोल आणि एस दाबायचं, मग शटडाऊन. टिकटिक घाईची झाली म्हणजे बॅटरी संपत आली. खालच्या खोलीत इन्व्हर्टर चालू झाल्यावरही टिकटिक थांबली नाही, तर आपल्या इन्व्हर्टरची वीज यूपीएसला मानवत नाहीये आणि तो बॅटरीवरच आहे, असं समजा.

खालची खोली म्हणाले, कारण कॉम्प्युटर माडीवरून खाली आणायचाच आहे. या बॅटऱ्यांचं आयुष्य २५ अंशांच्या हिशोबानं सांगतात, आणि दर दहा अंश वाढीला ते साधारण निम्मं होतं. आपल्याकडे वैशाखात बाहेरच पंचेचाळीस, मग माडीच्या पत्र्याखाली काय असेल! तीन वर्षांची बॅटरी तिथे दीड वर्ष टिकली तर नशीब. आजोबांच्या मातीच्या धाब्याखालची खोली भर दुपारी गार असते, ओव्यांनाही तीच बरी. आणि आई, तू त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घालशील, मला माहीत आहे. टीव्हीवर घाल, फ्रिजवर घाल, यूपीएसवर नको. त्याला बाजूनं जाळ्या असतात, त्या उघड्या राहू देत. भिंतीपासूनही वीतभर लांब ठेवा.

प्रिंटर लेझर असेल तर त्याची पिन यूपीएसमध्ये नाही, भिंतीच्या सॉकेटमध्ये. छापायच्या आधी तो आतला रूळ तापवतो, तेव्हा एकदम शेकड्यांनी वॅट ओढतो. हे मी अनुभवानं सांगतेय. गेल्या वर्षी मी आळसानं सगळ्या पिना एकात खोचल्या. पहिलंच पान ओढलं गेलं तोच यूपीएस एकसुरी किंचाळला आणि सगळं बंद. ऑफिसची अर्धी फाईल गेली. त्यामुळे तुम्हाला हसायचा अधिकार मला नाही.

धाब्याच्या खोलीतला बोर्ड जुना आहे, दोन भोकांचा. वायरमन बोलावून तीन पिनांचं सॉकेट बसवून घ्या आणि टेस्ट लॅम्प लावून अर्थिंग दाखव म्हणा. विहिरीवरच्या मोटारीच्या अर्थिंगला उन्हाळ्यात न चुकता पाणी घालता, घराच्या खड्ड्यात शेवटचं कधी घातलंत?

आणल्यावर आधी सात-आठ तास चार्ज होऊ द्या. मग दर दोन-तीन महिन्यांनी फाईल सेव्ह करून बोर्डाचं बटण बंद करायचं (पिन उपसायची नाही, अर्थिंग तुटतं) आणि किती मिनिटं चालतो ते कॅलेंडरवर लिहायचं. पंधराचे पाचावर आले की बॅटरी बदला, डबा तोच राहतो. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या. तिच्यात शिसं असतं, उकिरड्यावर टाकू नका, तो थोडेफार पैसेही देईल.

मी आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, येते आहे, मुलांच्या परीक्षा तोवर संपतील. आई, त्या तेवीस ओव्यांसाठी तोपर्यंत जातं मांडू नकोस. तू म्हण, मी टाइप करेन, नाना बाजूला बसून चुका काढतील. झोक्याचा दोर मात्र नवा आणा, गेल्या वर्षीचा विरला होता.

तुमची,
ताई