नमुना 4 च्या पलीकडे: माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. माहिती व प्रसारण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

1956 च्या वृत्तपत्र नोंदणी नियमांमुळे दरवर्षी मार्चच्या सुरुवातीला दैनिकांच्या आतल्या पानावर बारीक टाइपातली एक चौकट येत आली: ‘नमुना 4’. प्रकाशनस्थळ, मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि सर्वांत खाली एक टक्क्याहून अधिक भांडवल असलेल्या भागधारकांची नावे. घोळ या शेवटच्या रकान्यात आहे. तिथे अनेकदा माणूस नसतो, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असते. तिची मालक दुसरी कंपनी, दुसरीची तिसरी. चौकट पहिल्याच पायरीवर थांबते. वाहिन्यांच्या प्रेक्षकांना तर एवढेही दिसत नाही.

शिवाय मालकी फक्त समभागांतून येत नाही. 2009-10 मध्ये एनडीटीव्हीच्या प्रवर्तकांच्या आरआरपीआर होल्डिंगने विश्वप्रधान कमर्शियल या कंपनीकडून सुमारे 400 कोटींचे कर्ज घेतले आणि समभागांत बदलता येतील असे वॉरंट दिले. ऑगस्ट 2022 मध्ये अदानी समूहाने विश्वप्रधानच विकत घेतली, वॉरंट वापरले आणि आरआरपीआरकडचे 29.18 टक्के समभाग त्या समूहाकडे गेले. वाहिनीची किल्ली तेरा वर्षे एका कर्जकरारात होती. भागधारकांची यादी कितीही प्रामाणिकपणे छापली, तरी ही किल्ली त्यात दिसली नसती.

गोव्यात दैनिक ‘गोमन्तक’ चौगुल्यांनी काढला, ‘नवप्रभा’ धेंपोंचे. दोन्ही घराणी तेव्हा खाणींच्या व्यवसायातली. पण हे गावाला ठाऊक होते आणि खाणींची बातमी वाचक त्या हिशेबाने वाचू शकत होता. मालक तीन कंपन्यांआड गेला की हा हिशेब वाचकाच्या हातून जातो. दिलेली बातमी तपासता तरी येते. मालकाच्या बंदराची, वीजकराराची किंवा जमिनीची जी बातमी आलीच नाही, ती कुठे गेली हे विचारायचे कोणाला?

उपाय नव्याने शोधायचा नाही. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, 12 ऑगस्ट 2014 रोजी माध्यमांच्या मालकीवर शिफारशी दिल्या. एप्रिल 2022 मध्ये पुन्हा सल्लामसलतीचा कागद काढला. त्यांची मोजणी साधी आहे. प्रत्येक समूहाच्या बाजारातल्या हिश्शाच्या टक्केवारीचा वर्ग करायचा आणि बेरीज घ्यायची. हिस्से 40, 30, 20, 10 असतील तर 1600, 900, 400 आणि 100, म्हणजे 3000. बेरीज 1800 च्या वर गेली की बाजार मोजक्या हातांत एकवटला असे धरायचे. वृत्तपत्रे आणि वाहिन्या या दोन्ही बाजारांत ती तशी असेल, तर त्या बेरजेतला एकाच समूहाचा वाटा दोन्हींकडे 1000 च्या वर, म्हणजे हिस्सा साधारण 32 टक्क्यांच्या वर, असू नये. मात्र ही मोजणी भाषेच्या आणि राज्याच्या बाजारातच व्हायला हवी. मराठीत 35 टक्के हिस्सा असलेला समूह देशाच्या सरासरीत टाकला, की दोन-तीन टक्क्यांचा किरकोळ खेळाडू दिसतो. इथेच बहुतेक चर्चा फसते.

आमची मागणी अशी. 2023 च्या नियतकालिक नोंदणी कायद्याखालच्या वार्षिक विवरणात आणि वाहिन्यांच्या परवानगीच्या अटींत शेवटच्या मालक-व्यक्तीचे नाव सक्तीचे करा. कंपनी कायद्याच्या कलम 90 आणि त्याखालच्या नियमांनुसार 10 टक्के किंवा अधिक लाभ असलेल्या व्यक्तीची माहिती कंपन्या निबंधकांना ‘बेन-2’ अर्जात देतातच. त्याची प्रत जोडायला नवे कार्यालय लागत नाही. सोबत कर्ज देणाऱ्याचे नाव, रक्कम आणि कर्जाचे समभागांत रूपांतर करण्याच्या अटी घ्या. हे सारे संकेतस्थळावर त्या त्या भाषेत, नावाने शोधता येईल असे ठेवा. नमुना 4 ची चौकट पहिल्या पानावर आणा आणि वाहिन्यांनाही तिच्यासारखे निवेदन पडद्यावर दाखवायला लावा.

हिश्श्यांची मोजणी मात्र मंत्रालयाने स्वतःकडे ठेवू नये. सरकार स्वतःच मोठे जाहिरातदार आहे. हे काम ट्रायने सुचवल्याप्रमाणे स्वतंत्र नियामकाकडे जावे.

नियमांचा मसुदा येत्या अधिवेशनापूर्वी हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध करावा. प्रत्येक कलमावर लेखी सूचना द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
माध्यमांच्या मालकीचा अभ्यास करणारे काही पत्रकार आणि सनदी लेखापाल