पुढं शिकायचं म्हणतेस, तर…

प्रिय मैत्रिणी,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. "एवढी वर्षं नर्सची नोकरी केल्यावर पुन्हा वर्गात जाऊन बसू का, की चाललंय ते बरं चाललंय?" असं तू विचारलंयस. माझं उत्तर आधीच सांगते: बस. पण शिकायचं म्हणून तू जी कारणं दिलीस त्यातलं एक मला अजिबात पटलं नाही, म्हणून हे पत्र लांबणार आहे.

तू लिहितेस, "निदान फाईल तरी जाड होईल." अगं, फाईल जाड करायला शिकू नकोस. नर्स म्हणून नोंदणीच्या नूतनीकरणाला शिक्षणाचे जेवढे तास लागतात तेवढे पुरे करावेच लागतात, त्यात वाद नाही. पण नाईट ड्युटीत पहाटे डोळे मिटत असताना मोबाईलवर "पुढे, पुढे" दाबत मॉड्यूल संपवायचं आणि प्रमाणपत्र डाउनलोड करायचं, याला मी शिकणं म्हणत नाही. त्यानं तास भरतात, एवढंच. कुठलाही कोर्स झाला की मी एकच विचारते: पुढच्या ड्युटीत हातून काही वेगळं घडलं का?

एक उदाहरण देते. आमच्या एका वॉर्डात चार्टवर श्वासाचा वेग बघावा तर सगळीकडे २०. तापाचा रुग्ण असो, ऑपरेशन झालेला असो की उद्या घरी जाणारा असो, २०, २०, २०. नाडी आणि ऑक्सिजन मशीन दाखवतं, रक्तदाबही मशीन घेतं. श्वास मात्र आपल्यालाच मोजावा लागतो, म्हणून तो अंदाजानं लिहिला जातो. मी मोठा वर्ग घेतला नाही. ओव्हर झाल्यावर, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सोपवून झाल्यावर, पोरींना थांबवलं, घड्याळ हातात दिलं आणि एका रुग्णाच्या छातीकडे पूर्ण एक मिनिट बघायला सांगितलं. बोलायचं नाही आणि "श्वास मोजतेय" असं रुग्णाला सांगायचं नाही, कारण सांगितलं की त्याचा श्वास बदलतो. मनगट नाडी बघितल्यासारखं धरून ठेवायचं. एकीनं २६ मोजले. आधीच्या पाळीनं त्याच रुग्णाचे २० लिहिले होते.

मग मी न्यूज स्कोअरचा तक्ता काढला, म्हणजे श्वास, नाडी, रक्तदाब अशा मोजमापांना गुण देऊन रुग्ण बिघडतोय का ते ओळखायचा तक्ता. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ मध्ये आणलेला आणि २०१७ मध्ये सुधारलेला. त्यात १२ ते २० श्वासांना शून्य गुण, २१ ते २४ ला २, आणि २५ किंवा त्याहून जास्त असले तर सरळ ३. एकाच मोजमापात ३ गुण आले तरी डॉक्टरांना कळवायचं. रुग्ण बिघडायला लागला की बऱ्याचदा रक्तदाब कोसळण्याच्या कितीतरी आधी श्वास वाढतो, आणि नेमका तोच आकडा आपण न मोजता लिहीत होतो. पुढच्या आठवड्यात चार्टवर १८, २३, १६, २२ असे आकडे दिसायला लागले. ते बघून मला जे समाधान वाटलं, ते कुठल्याही परिषदेच्या प्रमाणपत्रानं दिलेलं नाही.

तेव्हा सुरुवात तुझ्याच वॉर्डातल्या प्रश्नापासून कर. महिनाभर एक छोटी वही खिशात ठेव. राऊंडला डॉक्टर जे बोलले आणि तुला कळलं नाही, जे औषध देताना हात क्षणभर थांबला, ज्या नातेवाइकाला नीट उत्तर देता आलं नाही, ते लिहून काढ. (रुग्णाचं नाव लिहू नकोस, हे तुला सांगायला नकोच.) महिन्याअखेरीस त्या वहीतून तुझा अभ्यासक्रम तुलाच दिसेल. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलचा नियम मला यासाठीच आवडतो: दर तीन वर्षांत ३५ तास शिक्षण हवं आणि त्यातले किमान २० तास इतरांसोबत प्रत्यक्ष सहभागाचे हवेत. शिवाय आपल्या कामावर विचार करून पाच टिपणं लिहायची आणि सहकाऱ्याशी त्यावर चर्चा करायची. म्हणजे एकटीनं स्क्रीनसमोर बसून ते भागत नाही.

आणि एकदा शिकलं म्हणजे झालं, असंही नाही. सीपीआरचंच, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याचंच बघ. मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटिमीटर खोल, हे सगळ्यांना पाठ असतं. पण प्रशिक्षणानंतर काही महिन्यांतच हाताची सफाई उतरायला लागते, आणि त्या प्रमाणपत्राचं नूतनीकरण मात्र बहुधा दोन वर्षांनी. दर महिन्याला पुतळ्यावर पाच मिनिटं हात चालवलेले मला जास्त मोलाचे वाटतात.

आता नर्स प्रॅक्टिशनरबद्दल, म्हणजे पुढचं शिक्षण घेऊन स्वतः रुग्ण तपासणाऱ्या नर्सबद्दल. तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त ओढ तिथेच दिसली. पण "अर्धी डॉक्टर होईन" हे तुझं वाक्य मला खटकलं. ही भूमिका १९६५ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात सुरू झाली. लोरेटा फोर्ड या परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ, या दोघांनी मिळून ती उभी केली. मुलांच्या आरोग्याची देखभाल नर्सच्या ज्ञानातून आणखी पुढे न्यायची, हा त्यामागचा विचार. तपासणी, निदान आणि कायदा देत असेल तिथे औषध लिहिण्याचा अधिकार, हे सगळं त्यात येतं, पण ते नर्सिंगच्या पायावर उभं आहे. रुग्ण घरी गोळ्या कशा घेणार, जखम कोण बांधणार, त्याला भीती कशाची वाटतेय, हे आपल्याला आधीपासून दिसतं. ती नजर सोडून अर्धी डॉक्टर व्हायचं काय कारण?

या अभ्यासाचा कणा म्हणजे प्रगत शारीरिक तपासणी, विकृतिशरीरक्रियाशास्त्र (आजारात शरीराचं काम कसं बिघडतं ते) आणि औषधशास्त्र. तिन्ही जड आहेत. औषधशास्त्र आत्तापासूनच वाचायला घे, कारण तू रोज देतेस त्याच औषधांपासून सुरुवात होते. आणि प्रवेश घेण्याआधी एक चौकशी कर, हे अगदी हात जोडून सांगते: जिथे नोकरी करणार आहेस तिथे हे पद मंजूर आहे का? त्या पदाला काय करायचा अधिकार आहे, पगाराची वेगळी श्रेणी आहे का? देशोदेशी, कधी कधी एकाच देशातल्या राज्याराज्यांत, हे नियम वेगळे आहेत. दोन वर्षं रक्त आटवून पदवी घ्यायची आणि परत त्याच वॉर्डात तीच ड्युटी करायची, अशा मुली मी पाहिल्यात. त्यांची हुशारी वाया जाताना बघून फार राग येतो.

तू लिहिलंस, "तिथे पोरींसमोर मी अडाणी ठरेन." ठरशील, काही दिवस. नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्सच्या कौशल्याच्या पाच पायऱ्या मांडल्या, नवशिकी ते तज्ज्ञ. त्यात एक गोष्ट त्यांनी स्पष्ट केलीय: अनुभवी नर्ससुद्धा अनोळखी क्षेत्रात गेली की पुन्हा नवशिकी होते. म्हणजे तुझ्यात काही कमी आहे असं नाही, काम नवीन आहे.

प्रॅक्टिशनर व्हायलाच हवं असंही नाही. संसर्ग नियंत्रण, जखमांची विशेष शुश्रूषा, पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणारी शुश्रूषा), शिकवणं, सगळीकडे चांगल्या माणसांची चणचण आहे. वॉर्डची इनचार्ज होणं हीच एक बढती, असं समजून मात्र चालू नकोस. उत्तम हाताची नर्स रजेचे अर्ज आणि स्टॉकच्या नोंदी सांभाळत बसते, हे मला बरोबर वाटत नाही.

राहिला सुट्टीचा प्रश्न. मेट्रन म्हणाल्या ना, "शिका, पण स्वतःच्या वेळेत"? त्यांच्यापुढे नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन यांचा २०१४ चा अभ्यास ठेव. युरोपातल्या नऊ देशांतली रुग्णालयं त्यात होती. पदवीधर नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथे शस्त्रक्रियेचा रुग्ण दाखल झाल्यापासून ३० दिवसांत दगावण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी कमी होती. आणि प्रत्येक नर्सवर एक रुग्ण वाढला की तीच शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी जास्त. दोन्ही आकडे एकत्रच दाखव. आपल्या शिक्षणाचा फायदा रुग्णाला आणि रुग्णालयाला होतो, मग अभ्यासाची रजा ही मेहेरबानी कशी? आणि शिकलेल्या नर्सवर आणखी रुग्ण टाकले तर शिकवलेलं त्यातच वाहून जाणार. अर्ज लेखी दे, तोंडी बोलू नकोस, आणि पोच घे. तुझ्या जागी कोण ड्युटी करेल तेही त्यातच सुचव, म्हणजे नाही म्हणायला जागा कमी राहील.

अभ्यासक्रमाचं माहितीपत्रक आणि या महिन्याचा ड्युटी चार्ट, दोन्हींचे फोटो पाठव. प्रात्यक्षिकाचे तास तुझ्या नाईट्समध्ये कसे बसवायचे ते आपण रविवारी फोनवर ठरवू. अर्जाचा मसुदा मी करून ठेवते.

तुझीच,
होस्टेलची रूम पार्टनर