खिशावरचा वळ

सॅन डिएगो
रविवार, रात्रीचे अकरा

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तू पोचलास हे बाबांच्या फोनवरून कळलं. यूमाला गॅस भरायला थांबलास तेव्हाही मेसेज त्यांनाच केलास. बरोबरच आहे. दारात निघालेल्या पोराला कुणी असलं बोलत नाही. माझी आई असती तर तिनं मला तिथंच गप्प केलं असतं आणि तुझ्या हातावर दही ठेवलं असतं.

मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत मला धड रागावताही येत नाही आणि धड माफीही मागता येत नाही. चार वर्षं रविवारच्या मराठी शाळेत तुला ओढत नेलं ते आज वसूल करतेय, असं समज. अडलास तर मोठ्यानं वाच, कळेल.

आणि एक ठरवून बसलेय. डबीबद्दल ह्या पत्रात अक्षरही लिहायचं नाही.

खुशाली अशी की ताई पुढच्या महिन्यात येतेय, तुझ्या खोलीत झोपेल. लिंबाला फुलं आली आहेत. मावशीच्या व्हिसाचं अजून तसंच आहे. तुझे बास्केटबॉलचे बूट गॅरेजमध्येच राहिले. टाकू नका म्हणाला होतास, नाही टाकत. बाबा अधूनमधून जाऊन ते बघून येतात, पण तुला माहीत आहे असं दाखवू नकोस.

एवढे दिवस मी तुला बोलले नाही, पण बास्केटबॉल मला कळायचा. चेंडू केवढा मोठा, जाळी समोर दिसते, कोण जिंकतंय ते वर लिहिलेलं असतं. बेसबॉलमध्ये तू तीन तास लांब हिरवळीत गुराख्यासारखा उभा असतोस आणि एकदा पळतोस. पण ऑगस्टमधला तो झेल मी बाबांच्या लॅपटॉपवर किती वेळा पाहिला असेल! चेंडू बॅटवरून सुटला मात्र, तू पाठ फिरवलीस. वर न बघताच पळत सुटलास, भिंतीशी येऊन वळलास आणि उडालास तो थेट जाळीखाली उडायचास तसाच. बाबा म्हणाले, “बघ, पहिलं पाऊल बास्केटबॉलचं आहे. समोरच्याला अडवता अडवता पायात बसलेलं.” खरं असेल. मला फक्त तुझे हात दिसले. तुझे तळहात माझ्या नानांचे आहेत, रुंद.

बाबा हल्ली भेटेल त्याला केनी लॉफ्टन ऐकवतात. अ‍ॅरिझोना विद्यापीठाचा बास्केटबॉल गार्ड, १९८८ ला कॉलेजांच्या स्पर्धेत शेवटच्या चारांत, फायनल फोर खेळला, त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीनं खेळाडू निवडतात त्यात, ह्यूस्टननं बेसबॉलसाठी सतराव्या फेरीत उचलला आणि पुढे त्यानं ६२२ बेस चोरले, म्हणजे कुणी चेंडू मारायच्या आतच पळत पुढचा बेस गाठला. (“चोरले” म्हटलं की आजी अजून नाक मुरडते.) मग म्हणतात, “आपला सोनू अठराव्या फेरीत. एकच फेरी खाली.” परवा भाजीच्या दुकानातल्या पटेलांना धरलं होतं. ते बिचारे कोथिंबिरीच्या जुड्या हातात घेऊन उभे.

माझा मात्र टोनी ग्विन. आमच्या गावचा म्हणून. २००१ च्या ऑक्टोबरात त्याचा शेवटचा सामना होता, बाबा मला बळेच घेऊन गेले. मला ओ की ठो कळत नव्हतं. त्याच दिवशी रिकी हेंडरसनचा ३००० वा हिट झाला म्हणून लोक एकदा उठून ओरडले, ग्विनसाठी परत उठले, मीही उठले. बाबांनी घरी येताना सगळं समजावलं: सॅन डिएगो स्टेटला हा बास्केटबॉलच्या शिष्यवृत्तीवर आला, पॉइंट गार्ड, त्याच्या ५९० असिस्टचा विक्रम तिथं आहे. १९८१ च्या जूनमध्ये बेसबॉलच्या पाद्रेजनं त्याला तिसऱ्या फेरीत घेतलं आणि बास्केटबॉलच्या क्लिपर्सनं दहाव्या. तेव्हा क्लिपर्ससुद्धा ह्याच गावात होते. त्यानं बॅट निवडली. वीस हंगाम एकच टीम, ३१४१ हिट, फलंदाजीची आठ अजिंक्यपदं. पहिल्या काही वर्षांतच बायकोनं त्याच्या बॅटिंगच्या टेप भरायला घेतल्या, तेव्हापासून हा गावोगाव व्हीसीआर घेऊन हिंडायचा आणि स्वतःच्या चुका रात्री परत परत बघायचा. ते मला फार आवडलं. तुला सांगायचं तर हे सांगायचं होतं. पहिल्या महिन्यात २१८ ची सरासरी, हजारात २१८ हिट, म्हणजे काही आभाळ कोसळलेलं नाही. टेप बघ.

पण मी त्याला टीव्हीवर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आधी काय दिसलं असेल? त्याचा गाल. बाबांना म्हटलं, ह्यानं आत काहीतरी धरलंय. बाबा म्हणाले, च्युइंगगम असेल. मी निपाणीची, तंबाखूच्या गावची. मला शिकवतात.

लिहायचं नव्हतं. झालं लिहून.

तुझी जीन्स धुवायला टाकताना मागच्या खिशावर गोल वळ दिसला. बांगडीएवढा, कडेनं कापड पांढरं पडलेलं, मधलं निळं शाबूत. नानांच्या बंडीच्या खिशाला चुन्याच्या डबीचा असाच वळ असायचा, फक्त लहान. त्याच्या आदल्या आठवड्यात तुझ्या खोलीत आयोडेक्सचा वास यायचा, मला वाटलं पोराची पाठ दुखतेय, सांगत नाहीये. मी तुला गरम पाण्याची पिशवी आणून दिली! तीही तू निमूट घेतलीस. डबी उघडली तेव्हा तोच वास. तंबाखूला विंटरग्रीनचा स्वाद लावतात म्हणे. आणि गाडीत ती बाटली, तळाला तपकिरी पाणी असलेली, मी कोक समजून सिंकमध्ये ओतली होती.

तू म्हणालास, “आई, सगळेच करतात.” मग म्हणालास, ग्विनला लाळेच्या ग्रंथीचा कॅन्सर होता आणि तो तंबाखूनंच झाला असं डॉक्टरांनी सिद्ध केलेलं नाही. खरं आहे, मीही वाचलं. तो स्वतः मात्र तंबाखूलाच दोष द्यायचा. घरच्यांनी २०१६ साली तंबाखू कंपनीवर दावा लावला, त्यात लिहिलं होतं की कॉलेजात असल्यापासून त्याला फुकट डब्या मिळत होत्या. २०१४ च्या जूनमध्ये तो गेला, चौपन्न वर्षांचा. पाद्रेजच्या मैदानावर, पेटको पार्कला, त्याच्या पुतळ्यापाशी आपण फुलं ठेवली, तू १९ नंबरचा टीशर्ट घातला होतास, अकरा वर्षांचा होतास. कशानं गेला विचारलंस, मी सांगितलं. तू म्हणालास, मी कधीच नाही खाणार. मी तुला त्या वाक्यात धरून ठेवत नाही. अकरा वर्षांची मुलं काहीही बोलतात.

बरं, ग्विनचं नसेल सिद्ध. नानांचं?

माझी फी, माझं इंजिनिअरिंग, माझं इकडे यायचं पहिलं तिकीट, सगळं तंबाखूवर झालं. चार एकर रान, वरचे सगळे पैसे पानाचेच. वखारीच्या गल्लीतून शाळेत जाताना खकाण्यानं शिंका यायच्या, आम्ही मोजायचो, सर्वांत जास्त कुणाला येतात. १९८१ ला, मी आठ वर्षांची, शेतकऱ्यांनी तंबाखूच्या भावासाठी पुणे-बंगळूर रस्ता अडवला. शरद जोशी आले होते. नाना रस्त्यावर बसलेले, मी आणि तात्या भाकरी घेऊन जायचो. एप्रिलमध्ये गोळीबार झाला, माणसं गेली. नाना त्या रात्री उशिरा आले, दारातच बसले, कुणाशी बोलेनात. मग म्हणाले, “आक्का, मळ जरा.” त्यांचे हात थरथरत होते, म्हणून मला.

तशीही रोज मीच मळायचे. डाव्या तळहातावर चिमूट, नखानं चुना, अंगठ्यानं रगडायची, मग दोन थापट्या मारून धूळ उडवायची. मला इतकं छान जमायचं की पाहुणेसुद्धा माझ्यापुढे हात करायचे. पोरीच्या हाताला चव आहे म्हणायचे. मी फुलून जायचे.

२००२ च्या जानेवारीत मी गेले तेव्हा नानांचं तोंड एक बोट उघडत होतं. तात्या म्हणाला, दिवाळीत दोन बोटं होतं. मिरजेला कॅन्सरवरची लाईट देऊन झाली होती, गाल काळा पडला होता. मी चमच्यानं पेज घालायचे, अर्धी बाहेर यायची, मी टॉवेलनं टिपायचे, ते डोळ्यांनीच राहू दे म्हणायचे. एकदा माझा तळहात त्यांनी हातात घेतला आणि अंगठ्यानं मधोमध घासला, मळतात तसा. काय म्हणायचं होतं मला आजवर कळलेलं नाही. तू तेव्हा पोटातही नव्हतास.

म्हणून दारात मी तसं बोलले. “एकाला पोचवलंय, दुसऱ्याला पोचवायला मी थांबणार नाही.” आईच्या तोंडी शोभत नाही. चुकलं.

पण हेही ऐक की बाबांनी शोधून काढलंय, मायनर लीगमध्ये, तुमच्या ह्या खालच्या पायरीच्या लीगमध्ये, १९९३ पासून तंबाखूला बंदी आहे. म्हणजे खिशात डबी सापडली तर दंडही होणार. वर्षाला सव्वीस हजार डॉलर मिळणार, त्यात दंड भरणार का? आणि हिरड्या आधी पांढऱ्या पडतात, मग खडबडीत होतात, तेव्हा दुखत नाही म्हणून माणूस बघत नाही, आणि... पुरे. तू बावीस वर्षांचा आहेस, मी तुला पाचवीतल्यासारखं शिकवतेय. रागावू नकोस. पान उलटून पुढे जा.

मला कळतं रे थोडंफार. नवी टीम, सगळ्यांनी लहानपणापासून हाच खेळ खेळलेला, तू एकटाच उशिरा आलेला. डगआउटमध्ये कुणीतरी डबी पुढे करतो, ती घेतली की तू त्यांच्यातला. नानांकडेही लोक असेच बसायचे. चंची फिरायची, आणि कालपर्यंत कोर्टात भांडलेले भाऊसुद्धा एकाच चंचीतून चिमूट घ्यायचे. त्यात चांगलं काहीच नव्हतं असं मी म्हटलं तर खोटं होईल.

पार्सल बुधवारपर्यंत मिळेल. चकल्या आजीच्या, तिखट आहेत. बरणीत मुखवास आहे: जवस, तीळ, बडीशेप, धनाडाळ, थोडं सैंधव. तुम्ही त्या सूर्यफुलाच्या बिया फोडता त्यात मीठ फार. हा गालात धरला तरी चालतो, दोन तास टिकतो, मी करून पाहिलंय. पोरं हसली तर त्यांनाही दे.

आणि एक काम कर. हात धू, आरशासमोर उभा राहा, तोंड पूर्ण उघड आणि तीन बोटं उभी आत घाल. जातील. मला माहीत आहे जातील. फोटो नको, बोलायचं नसेल तर बोलू नकोस, फक्त “तीन” एवढं लिहून पाठव. दर महिन्याला एकदा. बाबांना नाही, मला.

तुझी,
आई

ता. क. डबी कचऱ्यात टाकली असं मी म्हणाले ते खोटं. मसाल्याच्या कप्प्यात मागे आहे. तू गेल्यावर उघडून चिमूट तळहातावर घेतली, सवयीनं अंगठा फिरवला. मळली जातच नाही रे ती. चहाच्या चोथ्यासारखी ओली. नानांनी हातात धरली नसती.