पुढच्या चाकांच्या ब्रेकबद्दल पण लिहा

संपादक महोदय,

जुन्या मोटारींवर लिहिताना सगळे इंजिन आणि हॉर्सपॉवरवरच थांबतात, ब्रेकचं नाव कोणी काढत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. सुरुवातीला बहुतेक गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असायचे, कारण पुढे लावले तर गाडी उलटेल, स्टिअरिंग हातात राहणार नाही अशी भीती होती. खरं तर ब्रेक दाबला की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होऊन घसरतात, म्हणजे पकड असते ती पुढेच!

स्कॉटलंडच्या अर्गाईल कंपनीनं १९११ च्या सुमारास आँरी पेरो या इंजिनिअरच्या डिझाइनचे चारही चाकांना ब्रेक दिले, आणि चाक वळलेलं असतानाही ब्रेक नीट लागला पाहिजे हे त्यातलं सगळ्यात अवघड काम. १९१४ च्या फ्रेंच ग्रां प्री या मोटारशर्यतीत पूजो, दलाज या गाड्यांना चारही चाकांना ब्रेक होते, तरी जिंकली मर्सिडीज, तीही नुसत्या मागच्या ब्रेकवर, आणि लगेच महायुद्ध लागलं. मग १९२१ ला अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीनं हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारे, ब्रेक लावून तीच रेस मारली.

या लोकांवर एक सविस्तर लेख छापाच, मनापासून विनंती.

– एक वाचक, पुणे